दहिवराचं वजन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कापूस निवडणं. मार्गशीर्षातली सकाळ होती. अंगणात बाजेवर माझं जुनं धोतर पसरलेलं, त्यावर घरच्या पराटीचा, म्हणजे कपाशीचा, दोन-तीन किलो कापूस, अलीकडे मी, पलीकडे ती. वाळल्या पानांचा चुरा काढायचा, किडका पिवळा कापूस बाजूला टाकायचा, सरकी नखाने सोडवायची. त्यात बोलण्यासारखं काही नसतं आणि आम्ही बोलतही नव्हतो. मध्येच तिने मूठभर कापूस उचलून गालाला लावला. कामाने हाताची कातडी जाड होते, तिला ओल कळत नाही, गालाला कळते, असं तिचं म्हणणं. मी सवयीने उठलो आणि आतून तागडी घेऊन आलो.

"ठेवा ते तिकडं," ती म्हणाली. "दहिवर हाय त्याच्यात अजून. आत्ता मोजसान, वाळल्यावर उणा भरन, अन् मंग मलेच विचारसान, कोनं नेला म्हणून."

दवाला आमच्याकडे दहिवर म्हणतात. मी हसलो. हसण्यासारखं ते नव्हतं. अकरा वर्षांत तिने त्या गोष्टीचं नाव पहिल्यांदा काढलं होतं, आणि काढलं तेही मान वर न करता, सरकी सोलता सोलता. मी तागडी भिंतीला टेकवली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अवो, बार्शीटाकळीची पयली मोटर किती वाजता असते?"

"सातले. कायले?"

"असंच."

मग ती भाकरी टाकायला आत गेली. दुपारी जेवून भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही. एवढंच झालं. तिच्या मरणाचं वर्णन मला येत नाही आणि करायचंही नाही.

यंदा पुन्हा वेचणी आली आहे. सकाळी बाया रस्त्याने बोलत जातात, कंबरेला फडकी बांधलेली, ती संध्याकाळी पुढून फुगून येतात, सगळ्याच जणी गरोदर असल्यासारख्या दिसतात. काशी हे दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी बायांना नव्याने हसू यायचं. ती जिवंत असताना मी चारचौघांत तिचं नाव कधी घेतलं नाही. 'सुशीलाची माय' म्हणायचो. सुशीला म्हणजे आमची लेक, अमरावतीला दिलेली. आता नाव घेतो. घेतलं तरी ओ देत नाही.

मी चौथी पास माणूस. पण त्या चार वर्षांत मला एक गोष्ट अशी मिळाली की ती मी जन्मभर कंबरेला बांधून फिरलो. ती म्हणजे त्रैराशिक. तीन गोष्टी माहीत असल्या की चौथी आपोआप निघते. पाच माणसं इतक्या दिवसांत इतकी भिंत बांधतात, तर सात माणसं किती? शाळेच्या त्या गळक्या खोलीत गुरुजींनी हे पहिल्यांदा फळ्यावर मांडलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. कोणी न सांगता कळतं! त्या भिंतीजवळ जायचं नाही, त्या माणसांना पाहायचं नाही, आणि तरी आपल्याला माहीत! पुढे घरात खाणारी तोंडं वाढली आणि शाळा सुटली. पण पावकी-निमकी, दिडकी, अडीचकी तोंडात राहिल्या. त्याच्या जोरावर मला अकोल्याच्या कापसाच्या बाजारात मापाऱ्याचं काम लागलं. हंगामाचे चार महिने मी काट्यापाशी उभा असायचो, बाकीचे दिवस शेतात. गाव बाजारापासून तीन कोस, घरची शेती पाच एकर काळी.

कागद न घेता मी मणा-शेरांची बेरीज सांगायचो, तेव्हा शिकलेले लोकही माझ्याकडे पाहायचे. त्याने माणूस बिघडतो. मी बिघडलो.

घरात मी सगळ्याचं त्रैराशिक करायचो. एकदा काशीला म्हणालो, दहा बाया एका दिवसात एक शेत वेचतात, तर वीस बाया अर्ध्या दिवसात वेचतील. ती म्हणाली, "वीस बाया एका जागी आल्या तं बोलण्यातच दिवस जाते. दहाच आना." मला राग आला. राग याचा की ती गणित सोडवत नव्हती, मधेच बायांबद्दल बोलत होती. बाया हा त्या गणिताचा भाग आहे हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मी 'म्हणून'चा माणूस आणि ती 'पण'ची. अमुक झालं, तमुक झालं, म्हणून असं, इथवर माझी गाडी यायची, की ती चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "पण..." त्या 'पण'च्या पुढे काय आहे ते ऐकायला मी क्वचित थांबलो.

तिची विचार करायची तऱ्हाच वेगळी होती. शेजारची पोरगी पहिल्यांदा माहेरी आली. नवं लुगडं, हातभर बांगड्या, सगळे म्हणाले सुखात आहे. काशी म्हणाली, नाही. मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, "जेवली तं सोताचं ताट सोताच उचलून घासाले बसली. मायच्या घरी कोनी पोट्टी असं करते काय? धाकात राहून राह्यली ते." मी म्हणालो, हा काय पुरावा झाला? ताट घासलं म्हणून सासर वाईट? वर्षाच्या आत ती पोरगी परत आली, कायमची. मी म्हणालो, योगायोग. तिचं चुकायचंही. कावळा ओरडला की पाहुणा येणार म्हणायची आणि कोणी यायचं नाही. पण चुकलं की ती हसायची, आणि जास्तीची भाकरी कुत्र्याला घालायची. माझं चुकलं की मी गप्प बसायचो, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी चुकीने ते चुकलं असणार याचा शोध लावायचो.

छप्पन-सत्तावनच्या सुमाराची वेचणी. त्या हंगामाबद्दलच मला लिहायचं आहे. इतका वेळ आजूबाजूला फिरलो.

काशीला एक धाकटी बहीण, गया. बार्शीटाकळीला दिलेली. नवरा लवकर गेला, घरी सासू आणि सात-आठ वर्षांची विमल. दर वेचणीला गया आमच्याकडे महिना-दीड महिना येऊन राहायची. दोघी बहिणी एका ओळीत वेचायच्या. दुरून पाहिलं तर दोन पाठी दिसायच्या, एकसारख्या वाकलेल्या, आणि मधूनच एक पाठ हसण्याने हलायची. पहिल्या दिवशी वेचणी सुरू करायच्या आधी शेतात सीतादही करायचं, पराटीच्या झाडाला नव्या कापसाचं सूत गुंडाळायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. तो मान काशी दरवर्षी गयाला द्यायची. "तिच्या हाताले बरकत हाय," म्हणायची. गया मला भाऊजी म्हणायची आणि माझी थट्टा करायला भ्यायची नाही. "भाऊजी, सांगा बरं, मी किती येळा श्वास घेतला आज?" असं सगळ्या बायांसमोर विचारायची. मी खरंच हिशोब करायला लागायचो.

त्या वर्षी आभाळ आलं. कापूस फुटून पांढरा झालेला, आणि वर ढग. पाऊस पडला तर सगळा मातीत. मी बसून त्रैराशिक मांडलं. सहा बाया, दिवसाचे सहा तास, सहा दिवस लागतात. आठ तास लावले तर? साडेचार. हे व्यस्त त्रैराशिक, ते सगळ्यांना येत नाही, मला येतं. दीड दिवस वाचतो. मी फर्मान काढलं, उद्यापासून बाया दोन तास आधी शेतात गेल्या पाहिजेत.

काशी म्हणाली, "अवो, पण त्या वक्ती पराटी दहिवरानं निथळत असते..."

"थंडी वाजते म्हणून बहाने नोका करू," मी म्हणालो. मी स्वतः बाजारात जायचो, शेतात नसायचो. बाया जाऊ लागल्या. साडेचार दिवसांत वेचणी झाली. अगदी माझ्या उत्तराप्रमाणे. पाऊसही आला नाही, तो भाग वेगळा. मी खुशीत होतो. रोज संध्याकाळी घरी येऊन, दिवसभर गाठोड्यांत दाबून राहिलेला कापूस मी काट्यावर घालायचो आणि कापसाच्या खोलीच्या दारावर खडूने आकडा मांडायचो. बेरीज साडेतेरा मण.

पंधरा दिवसांनी बाजारात न्यायला बैलबंडी भरायची म्हणून पुन्हा वजन केलं. बारा मण तेहतीस शेर. चाळीस शेरांचा मण, म्हणजे सत्तावीस शेर कमी.

मी तीनदा मोजलं. मग दारासमोर उभा राहून विचार केला. आज तो माणूस मला लांबून दिसतो, खडूच्या आकड्यांसमोर उभा, आणि त्याचा चेहरा, मला सांगायला लाज वाटते, आनंदी आहे. कारण गणित सुटत होतं. खोलीला एक दार. दाराला एक कुलूप. किल्ल्या दोन, एक माझ्या कंबरेला, एक गयाच्या, कारण ती दारापाशी ओसरीत निजायची. कुलूप तुटलेलं नाही. म्हणून कापूस किल्लीनेच गेला. मी नेला नाही. काशी स्वतःच्या घरचा कापूस कशाला चोरेल? उरली एक. त्यातून मधल्या रविवारी गया पोरीला भेटायला बार्शीटाकळीला जाऊन आली होती, जाताना डोक्यावर मोठं गाठोडं होतं. त्यात जुन्या चिंध्या होत्या म्हणे, गोधडीसाठी.

तीन गोष्टी माहीत होत्या. चौथी निघाली.

गया त्याच सकाळी घरी परत जायला निघाली होती, हंगाम संपला म्हणून. अंगणात बाया होत्या, बंडीवाला होता. मी म्हणालो, "गया, गाठोडं सोड."

तिला आधी थट्टा वाटली. "काहून भाऊजी, मले तोलून घेता काय?"

"सोड म्हणतो ना."

ती थांबली. मग खाली बसली, गाठ सोडली, आणि एकेक वस्तू काढून जमिनीवर ठेवली. दोन लुगडी. विमलसाठी काशीने शिवलेलं झबलं. एका फडक्यात बांधलेली तुरीची डाळ. ती काशीने गुपचूप दिलेली, मला न सांगता, बहिणीने बहिणीला द्यावी तशी. ती सगळ्यांसमोर उघडी पडली. कापसाचं एक बोंड नव्हतं.

काशी पुढे आली. "अवो, पण ऐका तं, तुमीच तं बायांले..."

"आधी माझा हिशोब पुरा होऊ दे," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यात मी हजार वाक्यं चुकीची बोललो असेन. यातलं कोणतंही एक परत घेता आलं असतं तर मी हे घेतलं असतं.

गाठोड्यात कापूस निघाला नाही. आता कोणीही म्हणेल, उत्तर चुकलं. मला तसं वाटलं नाही, तेच तर सांगतो आहे. मला वाटलं, म्हणजे हिने आधीच नेला, त्या रविवारी. पुरावा सापडला नाही म्हणून माझा हिशोब मोडला नाही, उलट घट्ट झाला. माणसाचं डोकं एकदा 'म्हणून'पर्यंत पोचलं की पुढे येईल ते सगळं त्याच गोणीत भरतं. मी सगळ्यांसमोर, बोटांवर मोजत, दार एक, कुलूप एक, किल्ल्या दोन, असं मांडून दाखवलं. कोणालाच खोडता आलं नाही. खोडण्यासारखं त्यात काही नव्हतंच. कडी न् कडी बरोबर होती.

गयाने डाळ तिथेच ठेवली. बाकीचं बांधलं. किल्ली कंबरेची काढून उंबऱ्यावर ठेवली. "बाई," ती थोरल्या बहिणीला बाईच म्हणायची, "मी या घरचं पानी पेनार नाई आता." आणि गेली. फाटकापाशी काशी तिच्या मागे धावली. काय बोलल्या मला ऐकू आलं नाही.

बाजारात गाडी आली की मापारी आधी काय करतो? गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालतो. ओल पाहतो. वरून कोरडा दिसणारा कापूस आत पाणी धरून असतो, आणि पाण्याला वजन असतं. हे मी रोज पन्नास वेळा करायचो. लोकांच्या कापसात. घरच्या कापसात मी हात घातला नाही, कारण घरी आकडे होते. सत्तावीस शेर पाणी त्या पंधरा दिवसांत दाराच्या फटीतून, कौलांतून, किल्लीशिवाय निघून गेलं, आणि ते कापसात भरणारा मीच, माझ्या व्यस्त त्रैराशिकाने. दीड दिवस वाचवायला निघालेल्या माणसाने जास्तीचे दोन तास दहिवरातून काढले होते. मांडताना मी माणसं मोजली, किल्ल्या मोजल्या, सकाळ मोजली नाही.

हे मला कधी कळलं? इथे खोटं लिहिता आलं असतं, की ती गेल्यावर कळलं. तसं नाही. मला दुसऱ्याच वर्षी कळलं. दुसऱ्या वर्षी गया नव्हती, आभाळ नव्हतं, घाई नव्हती. बाया ऊन वर आल्यावर शेतात गेल्या. बंडी भरायच्या दिवशी आणलेलं आणि निघालेलं वजन दोन-तीन शेरांच्या फरकाने जुळलं. मी दारासमोर उभा राहिलो. दारावर गेल्या वर्षीचे आकडे होते, बाजूला या वर्षीचे. दोन्ही शेजारी शेजारी. तिथे कोणी काही सांगायची गरज नव्हती.

मी फडकं ओलं केलं आणि दार पुसलं.

संध्याकाळी काशी म्हणाली, "दार धुतलं काय?"

"हो. लय खडू झाला होता."

"बरं केलं," ती म्हणाली. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी बैलांना पाणी दाखवायला गेलो.

ती वाट पाहत होती. आता वाटतं, ती त्या संध्याकाळपासून दहा वर्षं वाट पाहत होती, की हा माणूस स्वतःहून तोंड उघडेल. आणि मी दहा वर्षं 'म्हणून' गोळा केले. गया आता येतच नाही, म्हणून सांगायचं कोणाला? इतक्या दिवसांनी सांगितलं तर आधी का नाही सांगितलं विचारतील, म्हणून राहू द्या. चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांतच मागे घ्यावं लागेल, आणि ते चौघे आता कुठे आहेत? एकेक 'म्हणून' तपासून पाहा, एकही मोडत नाही. भ्याडाचं तर्कशास्त्र फार पक्कं असतं.

बहिणी-बहिणी भेटायच्या, लोकांच्या लग्नात. मांडवाच्या मागच्या बाजूला, बायकांच्या पंगतीत, शेजारी शेजारी बसायच्या. मी समोरून गेलो की गप्प व्हायच्या. काशी तिच्या घरी मात्र कधी गेली नाही. मी एकदा म्हणालो होतो, जाऊन ये. ती म्हणाली, "तुमी जासान, मंग मी जाईन." सरळ 'जर-तर' होतं. मला ते सोडवता आलं नाही.

मध्ये मण-शेर गेले आणि किलो आले. बाजारात सगळे गोंधळले, मला मात्र पर्वणी. शेर म्हणजे किलोपेक्षा जरा कमी, किती कमी, ते मी तोंडी सांगायचो. घरी आल्यावर काशीला नवी लोखंडी वजनं दाखवली. तिने एक हातात घेऊन पाहिलं. "म्हणजे आता सगळं नव्यानं मोजता येईन," ती म्हणाली. "जुनं बी." मी म्हणालो, जुनं कशाला? तिने वजन परत माझ्या हातात दिलं. आता रोज एक असं वाक्य आठवतं. आणि मी तेव्हा दिलेलं उत्तर आठवतं.

ती गेली त्या दुपारी कोणीतरी मोटरवाल्याबरोबर निरोप धाडला. गया चारच्या सुमाराला आली. केस पांढरे झालेले. कोणाशी न बोलता आत गेली आणि बहिणीच्या उशाशी बसली. तिने काशीचा हात हातात घेतला, तळवा उलटा केला आणि नखं पाहिली. नखांत सरकीचं टरफल अडकलं होतं, ते तिने काढलं. शेजारणीने तिला पाण्याचा तांब्या दिला. तिने तो हातात घेतला, आणि न पिता खाली ठेवला. दिवस मावळायच्या आत आम्ही काशीला नेऊन आलो. गया तोपर्यंत शेवटच्या मोटरने निघून गेली होती.

दिवेलागणीला घर लोकांनी भरलेलं होतं आणि मी मागच्या खोलीत दिवा घेऊन गेलो, कशासाठी ते आठवत नाही. तिथे तिच्या पेटीवर कापड कापून ठेवलेलं होतं. जुनं मऊ लुगडं, दोन चौकोन, हात-दीड हाताचे. सुईत दोरा ओवलेला. म्हणजे सकाळचा कापूस यात भरायचा होता.

मी ते चौकोन हातात घेऊन उभा राहिलो. गोधडीला हे लहान. उशीला मोठं. हे दुपटं आहे, तान्ह्या पोराचं. पण सुशीलाची पोरं तर शाळेत जातात. मग कोणाचं? ती सकाळी म्हणाली होती, बार्शीटाकळीची पहिली मोटर किती वाजता. 'असंच' म्हणाली होती. विमल तेव्हा सात-आठ वर्षांची होती. अकरा वर्षं मिळवा.

विमलला बाळ झालं होतं, आणि काशी जाणार होती. मी गेलो नव्हतो तरी. अट तिनेच घातली होती आणि तिनेच मोडली होती, एका तान्ह्या पोरासाठी. निदान मला असं वाटतं. किंवा मला बरोबर घेऊन जाणार असेल. हे मी किती वेळा मांडून पाहिलं, उत्तर येत नाही. आणि विचारायला माणूस नाही.

लोक म्हणतात, तर्क कोरडा असतो. कोरडा असता तर बरं होतं. माझा तर्क कधीच कोरडा नव्हता, त्यात माझी हौस मुरलेली होती, माझं शहाणपण दाखवायची घाई मुरलेली होती. तेवढ्याने त्याचं वजन वाढत होतं. गुरुजींनी शिकवलं त्यात खोट नाही. तीन गोष्टी खऱ्या असल्या तर चौथी खरीच. फक्त त्या तीन गोष्टी घरातल्या दुसऱ्या माणसाला एकदा विचारून घ्यायच्या असतात, आणि तो 'पण' म्हणाला की थांबायचं असतं. काशीचा 'पण' म्हणजे गाठोड्यात घातलेला हात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उजाडायला उठलो. अंगणात बाज तशीच होती. इतके लोक आले, गेले, रडले, कापूस आत घ्यायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यावर दहिवर पडलं होतं. मी धोतराची चार टोकं जुळवून गाठोडं बांधलं, कापडाचे चौकोन आणि सुई-दोरा वर ठेवला. तागडी भिंतीला टेकलेली होती. ती तिथेच राहू दिली.

चुलतभाऊ म्हणाला, "सुतकात कुठी चालले? लोक काय म्हनतीन?" मी म्हणालो, काय म्हणायचं ते म्हणू दे. सातची मोटर धरली.

बार्शीटाकळीत घर विचारत विचारत गेलो. माझ्या सख्ख्या साळीचं घर मला माहीत नव्हतं. कुडाचं अंगण, आतून पाळण्याची दोरी करकरत होती. सुतकातला माणूस, त्यातून बाळंतिणीचं घर. मी कुडाच्या बाहेरच उभा राहिलो आणि हाक मारली.

गया बाहेर आली. मला पाहून थबकली. मी खाली बसलो, आणि तिने न सांगताच मी गाठोडं सोडलं. कापूस, कापड, सुई, दोरा, एकेक वस्तू काढून जमिनीवर ठेवली. मग म्हणालो, "गया, तो कापूस कोनं नेला नव्हता. दहिवर होतं ते. मीच बायांले पहाटे धाडलं होतं. मले हे दुसऱ्याच वर्षी समजलं. दहा वर्षं सांगतलं नाई."

शेजारच्या घरातून एक म्हातारी पाहत होती. पाहू दे, म्हटलं.

"बाईले माहीत होतं," गया म्हणाली.

"हो. पयल्याच दिवशी."

"मले बी."

मी वर पाहिलं. "तुले बी? मंग तवाच काहून नाई सांगतलं?"

"तुमी विचारलं कुठी, भाऊजी?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उभं राहता आलं असतं. "तुमी तं सांगून राह्यले होते."

आत बाळ कुरकुरलं. ती वळून आत जाईल असं मला वाटलं. ती पुढे आली, खाली वाकली, मूठभर कापूस उचलला आणि गालाला लावला. अगदी तस्साच. डोळे मिटून, जरा मान कलती करून.

"ओला हाय," ती म्हणाली. "ऊन दाखवा लागन."

तिने बाज ओढून बाहेर आणली, धोतर पसरलं, कापूस मोकळा केला. चौकोन आणि सुई-दोरा घेऊन ती आत गेली. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. ऊन कुडावरून खाली उतरत होतं. गल्लीत दोन शेळ्या फिरत होत्या, त्यांचा डोळा कापसावर होता. मी कुडाला पाठ टेकून मातीत बसलो आणि कापूस वाळेपर्यंत शेळ्या हाकलत राहिलो. वाळल्यावर तो किती भरला, ते मी पाहिलं नाही.